बल्गेरियन सांध्याची इंग्रजी जीभ

आयर्लंडमधल्या मलिंगारला आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात दर वर्षी एखादं तरी नवं जोडपं भेटतं. मुलगा पुण्याचा नाहीतर नागपूरचा, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये. पुढचा संवाद मला पाठ झाला आहे.

"काकू, तुम्ही काय करायचात?"

"अनुवाद."

"अरे वा! कथा-कादंबऱ्या?"

"नाही रे. रेल्वेच्या सांध्यांच्या पुस्तकांचा. बल्गेरियनमधून इंग्रजीत."

मी थट्टा करते आहे का, याचा अंदाज तो माझ्या चेहऱ्यावरून घेतो. शेवटी म्हणतो, "पण आता ते सगळं एआय करत असेल ना?" आणि बटाटेवडा घ्यायला निघून जातो. उत्तराची त्याला गरज नसते. मला मात्र ते द्यायचं असतं, म्हणून हा लेख.

आधी बल्गेरियनचं सांगून टाकते, कारण ते विचारल्याशिवाय कोणी पुढे जाऊ देत नाही. माझे वडील भुसावळला रेल्वेत होते, रूळ सांभाळणाऱ्या खात्यात. बारावीनंतर मला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि मी सोफियाला वाहतूक इंजिनिअरिंग शिकायला गेले. त्या काळी अशा शिष्यवृत्त्या असत. मुलींनी त्या घ्यायच्या नसतात असं आत्याचं मत होतं. पहिलं वर्ष नुसतं भाषा शिकण्यात गेलं. पुढे लग्न झालं, नवऱ्याला कॉर्कजवळ रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात नोकरी लागली, आणि आयर्लंडमध्ये माझ्या बल्गेरियन डिग्रीकडे लोक जुन्या नाण्याकडे पाहावं तसं पाहू लागले. छान आहे, पण चालत नाही. चालली ती भाषा. डब्लिनच्या एका अनुवाद एजन्सीला बल्गेरियन, इंग्रजी आणि रूळ तिन्ही कळणारा माणूस हवा होता. असा माणूस या बेटावर मी एकटीच असावी. पुढे मुलगी डब्लिनच्या ब्युमॉन्ट हॉस्पिटलात डॉक्टर झाली, तिच्या जवळ राहायचं म्हणून आम्ही तिथून तासाभरावरच्या मलिंगारला आलो आणि मी घरातल्या मागच्या खोलीत बसून सांध्यांची भाषांतरं करू लागले.

सांधा म्हणजे काय, हे दोन मिनिटांत सांगते. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर न्यायची तर मध्ये जी जोडणी लागते, तो सांधा. त्यात दोन निमुळत्या, सरकणाऱ्या पोलादी पट्ट्या असतात. त्या एका बाजूला सरकवल्या की गाडी सरळ जाते, दुसऱ्या बाजूला सरकवल्या की वळते. बल्गेरियन माणूस या पट्टीला जीभ म्हणतो. ती ज्या जाड, न हलणाऱ्या रुळाला जाऊन चिकटते तो खांदा. पुढे जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, तिथलं पोलादी टोक म्हणजे हृदय. आणि अख्ख्या सांध्याला ते लोक बाण म्हणतात. मला हे सगळं फार आवडायचं.

घोळ असा की बल्गेरियनमध्ये जीभ आणि भाषा या दोन्हींना एकच शब्द आहे, एझिक. कॉम्प्युटरला त्यातलं कुठलं घ्यायचं ते कळत नाही, आणि तो कोणाला विचारतही नाही.

तर, काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातल्या एका खाजगी माल-यार्डनं बल्गेरियातल्या कारखान्याकडून नवे सांधे बनवून घेतले. लाकडाचे ओंडके आणि कंटेनर मालगाडीत चढवायचं ते यार्ड. इथले रूळ पाच फूट तीन इंचांचे, आपल्या ब्रॉडगेजपेक्षा तीन इंच अरुंद आणि बहुतेक युरोपपेक्षा रुंद, त्यामुळे प्रत्येक गोष्ट मुद्दाम बनवून घ्यावी लागते. सांध्यांबरोबर आलं बल्गेरियनमधलं जाडजूड पुस्तक.

एजन्सीतली माझी संपर्काची मुलगी होती नीव्ह. गोड मुलगी. जग बुडालं तरी "ग्रँड", म्हणजे सगळं ठीक, म्हणणारी. तिचा फोन आला.

"मेधा, तुझ्यासाठी काम आहे. पण आधी सांग, हे हृदयाचं आहे की कान-नाक-घशाचं? आमच्या सिस्टिमनं वैद्यकीयमध्ये टाकलंय."

"नीव्ह, त्यात रूळ हा शब्द पानापानावर असेल."

"हो ना, मला वाटलं हाडात बसवायच्या सळीचं काहीतरी असेल. बरं, तुला फार त्रास नाही. मशीननं भाषांतर केलंच आहे, तू फक्त हात फिरव."

मी फाइल उघडली. मशीनच्या इंग्रजीत लिहिलं होतं की, भाषा खांद्याला घट्ट चिकटलेली असावी. भाषेवर गंज दिसल्यास ती तारेच्या ब्रशनं घासावी आणि तिला ग्रीस लावावं. तुटकी भाषा वापरणं धोक्याचं आहे. हे शेवटचं मला पटलं.

मी मशीनचं सगळं पुसून पहिल्या पानापासून लिहायला घेतलं. यावर नीव्ह नाराज, कारण हात फिरवायला दिलेला वेळ त्याला पुरणार नव्हता. त्यात इंग्रजी शब्दांची वेगळीच तऱ्हा. बल्गेरियन हृदयाला अमेरिकन लोक बेडूक म्हणतात, आयर्लंडमध्ये क्रॉसिंग म्हणतात. पण रस्ता रुळांना छेदतो त्यालाही इथे क्रॉसिंगच म्हणतात, आणि यार्डात दोन्ही होती. जिभेला वडील 'टंग रेल' म्हणायचे, इथले लोक 'ब्लेड'. म्हणून मला यार्डातल्या माणसांना एकच साधा प्रश्न विचारायचा होता: तुम्ही आपापसात कुठले शब्द वापरता?

पण अनुवादकानं गिऱ्हाइकाशी थेट बोलायचं नाही, असा एजन्सीचा नियम. माझं घर ते यार्ड गाडीनं थोडक्याच वेळाचा रस्ता. माझा प्रश्न मात्र माझ्याकडून नीव्हकडे, तिथून विक्री विभागाकडे, तिथून यार्डच्या खरेदी विभागाकडे गेला आणि पुष्कळ दिवसांनी त्याच वाटेनं उत्तर आलं. उत्तर असं: 'कृपया योग्य वाटेल ते वापरा.' मी स्वयंपाकघरात जाऊन प्रेसमधला कप काढला (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, माझ्याही तोंडात आता तेच बसलंय) आणि तो इतक्या जोरात ओट्यावर ठेवला की माधव, माझा नवरा, वर्तमानपत्रामागून म्हणाला, "सांधा का?"

त्या पुस्तकातला एक इशारा मात्र मी शब्द तोलून लिहिला होता. सांध्यावर गाडी दोन बाजूंनी येऊ शकते. जिभांच्या बाजूनं आली तर कुठे जायचं ते सांधा ठरवतो. हृदयाच्या बाजूनं आली आणि सांधा तिच्यासाठी लावलेला नसला, तर चाकंच जिभा ढकलून वाट काढतात. वजनाच्या दांडीचे जुने सांधे असतात, त्यांना हे चालतं. जीभ ढकलली जाते आणि परत जागेवर येते. या नव्या सांध्यांना कुलूप होतं, त्यांना हे अजिबात चालणार नव्हतं. जीभ आतून वाकते, वरून पटकन दिसत नाही, आणि तीच गाडी मागे फिरली की घसरते. अशा उलट्या घुसण्याला इंग्रजीत 'ट्रेल' करणं म्हणतात. मी लिहिलं, 'डू नॉट ट्रेल थ्रू'. रुळांवर काम करणाऱ्याला तेवढं पुरतं. काम पाठवलं. छापलेलं पुस्तक अनुवादकाला कोणी दाखवत नाही, मलाही दाखवलं नाही.

पुढच्या वसंतात नीव्हचा पुन्हा फोन. या वेळी आवाजात ग्रँडपणा नव्हता.

"यार्डात अपघात झालाय. बल्गेरियन ड्रायव्हर आहे, त्याची चौकशी. दुभाषी हवी. उद्या जाशील? मी व्हिडिओवर असेन."

ड्रायव्हरचं नाव स्तोयान. कारखान्यातर्फे सांधे बसवायला आलेला, इंजिन चालवण्याचा परवानाही असलेला, म्हणून यार्डनं त्याला ठेवूनच घेतलं होतं. इंग्रजी दुकानात सामान घेण्यापुरतं. बायकोला इथल्या नर्सिंग होममध्ये काम लागलं होतं आणि मुलगी शाळेत नुकती रुळली होती. नीव्हनं त्याचा जबाबही पाठवला. जबाब त्यानं बल्गेरियनमध्ये लिहिलेला, कोणीतरी फोनवरच्या अ‍ॅपनं त्याचं इंग्रजी केलेलं. इंग्रजीत वाक्य होतं, 'आय कट द स्विच.' म्हणजे साध्या वाचणाऱ्याला, मी स्विच बंद केला. यार्डच्या लोकांनी अर्थ काढला की यानं मुद्दाम सुरक्षा यंत्रणेची वीज तोडली.

मूळ बल्गेरियन मी वाचलं. स्रियाझाख स्त्रेल्काता. शब्दशः, मी बाण कापला; सांध्याला अमेरिकन लोक 'स्विच' म्हणतात, अ‍ॅपनं तोच शब्द घेतला होता. पण तिथल्या रेल्वेत याचा अर्थ एकच, माझी गाडी उलट बाजूनं सांध्यात घुसली. शिकत असताना आमचे मास्तर हा शब्द हळू आवाजात उच्चारायचे. कोणी केलेली चूक सांगतानाच तो तोंडी येतो. म्हणजे हा माणूस आपली चूक कबूल करत होता, आणि इंग्रजीत तो घातपात करणारा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यार्डच्या फाटकाशी पोचले तर समोर भांडण चाललेलं. एका शेतकऱ्याची जीप, मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये मेंढ्या. त्याचं शेत यार्डपलीकडे, जायची वाट यार्डातून. पिवळं जाकीट घातलेला एक म्हातारा कामगार त्याला अडवून उभा होता.

"अरे ख्रिस्टी, माझा आजा या वाटेनं जायचा!"

"तुझ्या आजाच्या वेळी बोर्ड नव्हता. वाच."

मीही वाचला. सांध्याच्या अलीकडे, रस्ता रुळांना छेदतो तिथे, मोठ्या लाल अक्षरांत: 'नो ट्रेलर्स थ्रू पॉइंट्स', म्हणजे सांध्यांवरून ट्रेलर न्यायचा नाही. मला आधी हसू आलं. मग मी तो पुन्हा वाचला. माझ्या 'डू नॉट ट्रेल'चं हे झालं होतं. एजन्सीत माझ्यामागून कोणी तरी तपासनीस बसला होता, त्याला इंग्रजी सोपं करण्याचं काम होतं, आणि क्रियापदाचा अर्थ न कळल्यानं त्यानं त्याचं नाम करून टाकलं होतं.

"हा बोर्ड कधीपासून?" मी ख्रिस्टीला विचारलं.

"नवे सांधे आले तेव्हापासून. पुस्तकात आहे म्हणे. का ते विचारू नका बाई. मेंढ्यांनी सांध्याचं काय वाकडं केलंय, मला ठाऊक नाही."

"आणि जुने सांधे? ते उलट बाजूनं घुसलेलं सहन करायचे?"

"हो तर! जन्मभर तसंच केलं. जीभ ढकलली जायची, खट्कन परत यायची." मग तो थांबला. माझ्याकडे नीट पाहिलं. "नव्यांना चालत नाही का?"

दुभाष्यानं बोलायचं नसतं. पण ख्रिस्टीचा चेहरा उतरला होता. त्या दिवशी सांध्याशी तोच उभा होता. सांधा दुसऱ्या बाजूला लावलेला असतानाच त्यानं स्तोयानला हात दाखवून गाडी पुढे बोलावली होती. गाडी घुसली, पुढे जाऊन थांबली, मागे फिरली, आणि शेवटचा डबा रुळावरून उतरून आडवा झाला. ओंडके जिथे कोसळले, तिथून ख्रिस्टीनं क्षणभर आधी उडी मारली होती.

खोलीत यार्डचा मॅनेजर डेक्लन, सुरक्षा अधिकारी ऑर्ला, ख्रिस्टी आणि स्तोयान. भिंतीवरच्या पडद्यावर नीव्ह. स्तोयान थोराड, केस पिकलेले, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मला बल्गेरियन बोलताना ऐकून तो खुर्चीतून अर्धा उठलाच. "बाई, तुम्ही आमच्याकडच्या?"

"नाही, पण शिकले तुमच्याकडे."

ऑर्लानं सुरुवात केली. "पहिल्या दिवशी मी त्याला सरळ विचारलं होतं, तू वीज तोडलीस का? त्यानं मान हलवून हो म्हटलं. मी स्वतः पाहिलंय."

"मान कशी हलवली?"

तिनं वर-खाली करून दाखवली.

मी डोळे मिटून घेतले. बल्गेरियात मान वर-खाली केली की नाही, आणि आडवी हलवली की हो. सोफियाला पहिल्या वर्षी मला उपाशी ठेवलं होतं या मानेनं. हे मी सांगितलं. ऑर्लानं स्तोयानला तोच प्रश्न परत विचारला, मी तो बल्गेरियनमध्ये केला, आणि त्यानं मान जोरजोरात वर-खाली करत म्हटलं, "ने, ने, ने!" ऑर्लानं वहीतली एक ओळ खोडली.

मग मी 'बाण कापला'चा अर्थ सांगितला. डेक्लन म्हणाला, "म्हणजे यानं काही तोडलं नाही. पण घुसला तर यानंच ना? सांधा लावलाय की नाही हे न बघता?"

स्तोयाननं ते मान्य केलं. ख्रिस्टीनं हात दाखवला, मी विश्वास ठेवला, पण डोळे माझे होते, असं तो म्हणाला. मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. तेव्हा ख्रिस्टी उभा राहिला.

"युअर मॅनचा दोष नाही." इथे कोणाही माणसाबद्दल बोलताना 'युअर मॅन' म्हणतात, तो तुमचा असो वा नसो. "मला वाटलं घुसलं तरी चालतं. मला कोणी सांगितलंच नाही."

"पुस्तकात असेल ना," डेक्लन म्हणाला. "मेधा, पुस्तक तुम्हीच केलंत. आहे की नाही?"

आता बोलायचं तर एजन्सीवर येत होतं, आणि एजन्सी पडद्यावर बसली होती. न बोलायचं तर ते ख्रिस्टीवर जाणार, नाहीतर दोघांत वाटून. मी म्हटलं, "दुभाषी म्हणून माझं काम इथे थांबवते. आता जिनं ते पुस्तक इंग्रजीत लिहिलं तिचं ऐका. हा इशारा मी लिहिला होता. तो नंतर बदलला गेला. बदललेला इशारा तुमच्या फाटकाशी लाल अक्षरांत लावलाय, आणि तुमचा ख्रिस्टी त्याच्या जोरावर मेंढ्या अडवतो आहे."

डेक्लननं खिडकीतून बोर्डाकडे पाहिलं. मग पडद्याकडे. नीव्हचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आम्ही तपासतो," एवढंच ती म्हणाली.

त्या दुपारी तिनं मला फोन केला. "मेधा, हे तू आधी मला एकटीला सांगायला हवं होतंस."

"फाटकाशी कळलं ग मला. आत शिरेपर्यंत वेळ कुठे होता?"

"फोन करता आला असता."

आला असता. तिचं चूक नव्हतं. त्या बदलाशी तिचा काही संबंध नव्हता आणि वरच्यांची बोलणी तिलाच खावी लागली. एजन्सीकडून मला पुढे काम आलं नाही. कोणी काढलं नाही, नुसतं आलं नाही. वर्षभरानं नीव्हनंही ती नोकरी सोडली. तिचं मात्र मला वाईट वाटतं. ज्यानं तो बदल केला तो कोण, कुठल्या देशात बसतो, मला कधीच कळलं नाही. त्याला भेटले तर काय म्हणेन, हे माधवच्या मते छापण्यासारखं नाही.

स्तोयानची नोकरी राहिली. त्याला आणि ख्रिस्टीला दोघांनाही लेखी ताकीद मिळाली, आणि दोघांनीही ती मुकाट्यानं घेतली. पुस्तक दुरुस्त करून देण्यासाठी डेक्लननं मला थेट बोलावलं. मग मी यार्डातच एका टेबलाशी बसून, ख्रिस्टीला प्रत्येक शब्द विचारून ते पुन्हा लिहिलं. "याला काय म्हणता?" "ब्लेड." "आणि याला?" मी चित्रातल्या हृदयावर बोट ठेवलं. "त्याला आम्ही नोज म्हणतो. पुस्तकात काही का असेना." इतकं सोपं होतं ते. जिथे काही नडलं, तिथे आम्ही तिघं उठून रुळावर जायचो, स्तोयान हात लावून दाखवायचा, ख्रिस्टी त्याचं नाव सांगायचा, मी लिहायचे. बोर्ड उतरवला, मेंढ्या पुन्हा त्या वाटेनं जाऊ लागल्या.

वाकलेली जीभ बदलून झाल्यावर चाचणीच्या दिवशी मी गेले होते. ओला वारा होता, इंजिनात दुसरा ड्रायव्हर तयार होता. स्तोयाननं सांधा सरकवायच्या दांडीवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, तुम्ही ओढा."

"मी? मला कुठे येतं?"

"इतकी वर्षं लिहिताय की!"

खरं सांगायचं तर मी आजवर एकही सांधा ओढला नव्हता. कॉलेजात मुलींना लांब उभं करायचे, आणि नंतर कोणी बोलावलं नाही. ऑर्ला टोपी पुढे ओढत म्हणाली, "मी तिकडे इंजिनाकडे पाहतेय. मला काही दिसत नाही."

मी दांडी धरली. हलेना. ख्रिस्टी म्हणाला, "हातानं नाही, पाठीनं." मी पाय रोवले, पाठ मागे टाकली आणि ती एकदम आली. रुळांपाशी दोन्ही जिभा सरकल्या, एक जाऊन खांद्याला अशी चिकटली की तो आवाज मला तळपायांतून कळला. कुलूप बसलं. स्तोयान गुडघ्यावर बसून फटीतून पाहत होता. तिथे फट नव्हती.

"लागला!" मी मराठीतच ओरडले.

कोणालाही तो शब्द ठाऊक नव्हता. ख्रिस्टीनं वाकून एकदा स्वतःच्या डोळ्यांनी सांधा पाहिला, सरळ झाला, आणि इंजिनाला हात दाखवला.